बाड दुसऱ्यांदा पाठवताना

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये कादंबरीचे हस्तलिखित लिटररी एजंटकडे पाठवणाऱ्या लेखकाला कधीकधी असे उत्तर येते, की ज्याला होकार म्हणता येत नाही आणि नकारही म्हणता येत नाही. कादंबरीत दम आहे, पण आहे त्या रूपात ती प्रकाशकापुढे नेता येणार नाही. अमुक अमुक गोष्टींवर काम करून पुन्हा पाठवलीत तर नव्याने वाचू, असा त्याचा मजकूर असतो. तिथल्या लेखकांत या उत्तराला ‘रिव्हाइज अँड रिसबमिट’, थोडक्यात ‘आर अँड आर’, म्हणतात. त्यात करार नसतो, पैसे नसतात, आश्वासनही नसते. दुसऱ्या वाचनाचे आमंत्रण तेवढे असते. तरीही नवख्या लेखकाला मिळू शकणाऱ्या उत्तरांत होकाराच्या खालोखाल मोल याचेच, आणि हातातून सहज निसटणारी संधीही हीच.

एजंट ही संस्था मराठी वाचकाला फारशी ओळखीची नाही. लंडनमध्ये १८७५च्या सुमारास ए. पी. वॉट या स्कॉटिश गृहस्थाने लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करण्याचा व्यवसाय सुरू केला. पहिला व्यावसायिक लिटररी एजंट म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. प्रकाशकांना सुरुवातीला हा मधला माणूस खुपला. पुढे त्यांनाच तो सोयीचा वाटू लागला, कारण हस्तलिखितांच्या ढिगातून निवडण्याचे काम परस्पर होऊ लागले. आज न्यूयॉर्क-लंडनच्या बहुतेक मोठ्या प्रकाशनसंस्था एजंटमार्फत न आलेली कादंबरी वाचायलाच घेत नाहीत. वॉटच्या काळात एजंटचा वाटा दहा टक्के होता. आता देशातल्या विक्रीवर साधारण १५ टक्के आणि परदेशी व अनुवादाच्या हक्कांवर २० टक्के असा प्रघात आहे. कादंबरीला १०,००० डॉलरची आगाऊ रक्कम मिळाली, तर त्यातले १,५०० एजंटचे. पुस्तक विकलेच गेले नाही, तर त्याला काहीच मिळत नाही.

दुरुस्तीच्या पत्राचे वजन या हिशेबातून कळते. ज्या लेखकाशी करार नाही, त्याचे चारशे पानांचे बाड अथपासून इतिपर्यंत वाचायचे, त्यात काय अडते याचा विचार करायचा आणि तो सविस्तर लिहून पाठवायचा, हे सगळे फुकटचे काम असते. सभ्यतेखातर ते कोणी करत नाही. मग करार आधी करून दुरुस्ती मागाहून का करून घेत नाहीत? काही एजंट तसेही करतात. पण दोष मोठा असेल, तर हा लेखक तो दूर करू शकेल का, हे एजंटला ठाऊक नसते. उत्तम पहिला खर्डा लिहिणाऱ्याला दुसरा जमतोच असे नाही. त्यामुळे पत्र कादंबरीबद्दल असले, तरी जोखले जात असते ते लेखकाचे पुनर्लेखनाचे बळ.

या पत्रापर्यंत पोहोचण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी जाते ते ‘क्वेरी लेटर’, म्हणजे कादंबरी कशाविषयी आहे, कोणत्या प्रकारात मोडते, किती शब्दांची आहे आणि लेखक कोण, हे सांगणारे पानभराचे पत्र. अमेरिकेत त्यासोबत बहुधा सुरुवातीची पाच-दहा पाने मागतात. ब्रिटनमध्ये पहिली तीन प्रकरणे आणि कथासार पाठवण्याची पद्धत आहे. शितावरून भाताची परीक्षा झाली आणि पसंत पडली, तर आणखी पाने किंवा पूर्ण हस्तलिखित मागवले जाते. ‘आर अँड आर’ येते ते बहुतांशी पूर्ण वाचनानंतर. नुसती क्वेरी वाचून कोणी दुरुस्ती सुचवत नाही. त्या पायरीवर छापील नमुन्याचे दोन ओळींचे पत्र येते, नाहीतर काहीच येत नाही. ‘अमुक आठवड्यांत उत्तर आले नाही तर नकार समजावा’ असे अनेक एजन्सी आपल्या नियमांत लिहूनच ठेवतात.

उत्तराचा अर्थ लावण्यात इथे पहिली गफलत होते. ‘लेखन आवडले, पण मन गुंतले नाही’, ‘आमच्या यादीत बसत नाही’, ‘दुसऱ्या कोणाचे मत वेगळे असू शकेल’ या वाक्यांचा सूर मऊ असतो, पण त्या गोड शब्दांत लावलेल्या वाटाण्याच्या अक्षताच असतात. दुसऱ्या प्रकारचा नकार खास त्या लेखकासाठी लिहिलेला असतो. त्यात पात्रांची नावे येतात, कथा कुठे रेंगाळली ते सांगितलेले असते. असा नकार जपून ठेवावा, पण तेही आमंत्रण नव्हे. दुरुस्त केलेली कादंबरी पुन्हा बघायला आवडेल, असे स्पष्ट वाक्य असेल तरच ते ‘आर अँड आर’. वाक्य संदिग्ध असेल, तर दोन ओळी लिहून थेट विचारण्यात गैर काही नाही.

मराठीत याला समांतर असा अनुभव आहे; फक्त त्याच्या मध्ये एजंट नव्हता. ‘साभार परत’ हा शब्दप्रयोग कोणाही लेखकाला समजावून सांगावा लागत नाही. पण ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’च्या वर्तुळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी संस्करणाची जी शिस्त रुजवली, तिच्यात परत आलेल्या हस्तलिखितासोबत विचारपूर्वक लिहिलेले पत्रही येई आणि लेखक ते बाड पुन्हा लिहायला घेई. ते काम संपादकाचे, म्हणजे प्रकाशनाच्या घरातल्या माणसाचे होते. इंग्रजीत त्यातला बराच भाग आता घराबाहेर, एजंटच्या टेबलावर सरकला आहे.

दुरुस्तीचे आमंत्रण, त्यावरची घाई, पुन्हा नकार आणि मग खरे पुनर्लेखन हा सगळा प्रवास एफ. स्कॉट फिट्झजेराल्डच्या पहिल्या कादंबरीत पाहायला मिळतो. तिथेही एजंट नव्हता. कादंबरी थेट स्क्रिब्नर्स या न्यूयॉर्कच्या प्रकाशनसंस्थेकडे गेली होती. पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना त्याने ‘द रोमँटिक इगोटिस्ट’ नावाची कादंबरी लिहिली. ऑगस्ट १९१८ मध्ये ती परत आली, पण सोबत उत्तेजन देणारे पत्र होते. त्यामागे मॅक्सवेल पर्किन्स हा तरुण संपादक होता. कथा कुठे पोहोचत नाही, हा मुख्य आक्षेप. निवेदन प्रथमपुरुषी न ठेवता तृतीयपुरुषी करावे, अशीही सूचना होती. फिट्झजेराल्डने सैन्यातली नोकरी सांभाळत दुरुस्ती केली आणि बाड लगेच पाठवले. ऑक्टोबरमध्ये पुन्हा नकार आला.

पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमधली जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून तो सेंट पॉलला आईवडिलांच्या घरी गेला आणि १९१९चा उन्हाळा त्याने कादंबरी नव्याने लिहिण्यात घालवला. निवेदक बदलला, नायकाचे नाव बदलले, आधी लिहिलेल्या कथा-कविता-नाट्यप्रवेश आत ओवले गेले, शीर्षकही बदलले. १६ सप्टेंबर १९१९ रोजी पर्किन्सचे होकाराचे पत्र निघाले. ‘धिस साइड ऑफ पॅरडाइज’ २६ मार्च १९२० रोजी प्रसिद्ध झाली आणि तीन हजार प्रतींची पहिली आवृत्ती तीन-चार दिवसांत संपली. १९१८ मधली दुरुस्ती दोनेक महिन्यांत उरकली होती आणि पुस्तक मुळात तेच राहिले होते. १९१९ मध्ये जे पाठवले गेले, ते नवे पुस्तक होते. एजंटांच्या पत्रांना आज जी उत्तरे जातात, त्यांतली बरीच अजून १९१८च्या जातीची असतात.

पत्र आल्यावर लगेच फाइल उघडू नये, हा सल्ला जवळपास प्रत्येक अनुभवी लेखक देतो. पहिल्या वाचनात टीका टोचते, दुसऱ्या वाचनात प्रत्येक वाक्य आज्ञेसारखे वाटते. आठवडाभराने त्यात काय म्हटले आहे ते दिसू लागते. एजंटला मान्यतेची आणि आभाराची दोन ओळींची पोच मात्र लवकर द्यावी. काही एजंट फोनवर बोलायला तयार असतात. तसे झाले, तर तो अर्धा तास सोन्याचा. कादंबरी त्यांना नेमकी कशी दिसली, हे लेखी मुद्द्यांपेक्षा बोलण्यात जास्त उघड होते.

पत्रातला दोष आणि त्यावर सुचवलेला उपाय या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या काढणे हे पुनर्लेखनातले सर्वांत कळीचे काम. वाचणारा माणूस कुठे कंटाळला, कुठे त्याचा विश्वास उडाला, हे तो बहुधा अचूक सांगतो. तसे का झाले हे सांगताना तो चुकू शकतो. ‘नायिकेची बहीण काढून टाका’ असे एजंटने लिहिले असेल, तर कदाचित बहीण जास्तीची नसेल. ती येते ते प्रकरण चुकीच्या जागी असेल. तक्रार खरी मानावी आणि औषध स्वतः शोधावे. एजंटला हे चालते. सुचवलेला बदल न करताही दोष नाहीसा झाला, तर तो बहुधा खूशच होतो. उलट यादी समोर ठेवून प्रत्येक मुद्द्यावर खूण करत गेलेली कादंबरी ठिगळांची गोधडी होते.

प्रत्यक्ष काम मोठ्याकडून लहानाकडे जाते. लिहून झालेल्या कादंबरीचे प्रकरणवार टाचण काढणे ही उपयोगी रीत आहे. प्रत्येक प्रकरणात काय घडते, ते कोणाच्या नजरेतून दिसते आणि शेवटी परिस्थितीत काय बदलते, एवढेच एकेका ओळीत लिहायचे. दोन प्रकरणे एकच काम करत असतील, तर ते लगेच दिसते. ज्या प्रकरणापुढे ‘काय बदलते’ या रकान्यात लिहायला काही सापडत नाही, त्याचे भवितव्यही कळते. रचना, निवेदन, पात्रांची उद्दिष्टे हे सगळे बसल्यावर मग प्रसंग, आणि भाषा अगदी शेवटी. हा क्रम उलटा करणारा लेखक उद्या काढून टाकायच्या प्रकरणातली वाक्ये आज घासत बसतो.

सुरुवातीबद्दलची तक्रार तर फारच वारंवार येते. नमनाला घडाभर तेल जळते आणि क्वेरीच्या पायरीवर एजंटच्या हाती तर सुरुवातीची पानेच असतात. विल्यम गोल्डिंगने १९५३ मध्ये फेबर अँड फेबरकडे पाठवलेल्या ‘स्ट्रेंजर्स फ्रॉम विदिन’ या कादंबरीचा आरंभ अणुयुद्धाच्या वर्णनाने होत होता. नाकारलेल्या बाडांतून चार्ल्स मॉन्टीथ या नवख्या संपादकाने ती उचलली, आणि त्याच्या सांगण्यावरून आरंभीची ती पाने गेली. मुले थेट बेटावरच वाचकाला भेटू लागली. सप्टेंबर १९५४ मध्ये तीच ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ झाली. लांबी हाही असाच नेहमीचा मुद्दा. प्रौढांसाठीच्या पहिल्या कादंबरीला ८०,००० ते १,००,००० शब्द हा सर्वसाधारण पल्ला मानतात, फँटसीला थोडी सूट मिळते. दीड लाख शब्दांचे बाड एक लाखावर आणायचे, तर वाक्ये छाटून भागत नाही. एखादे उपकथानक मुळासकट जावे लागते.

सुचवलेले बदल पटलेच नाहीत तर? काही सूचना कादंबरीला वेगळ्याच पुस्तकाकडे नेतात. दोन काळांत चालणारी कथा एकाच काळात आणा, दुःखान्त शेवट फिरवा, प्रौढांची गोष्ट किशोरांसाठी लिहा. अशा वेळी आभार मानून नाही म्हणणे रास्त असते, आणि ते कोणी मनावर घेत नाही. करार होण्याआधीच दोघांची पुस्तकाबद्दलची कल्पना जुळत नसेल, तर करारानंतरही ती जुळत नाही. तोच आक्षेप दोन-तीन एजंटांनी एकमेकांच्या नकळत घेतला असेल, तर मात्र लेखकाच्या हट्टाला फारसा आधार उरत नाही.

किती वेळ घ्यावा, याला ठाम नियम नाही. दोन आठवड्यांत परत आलेले बाड पाहून एजंट मनात धसकतो. तीन ते सहा महिने सर्वमान्य आहेत. वर्ष झाले तरी दार बंद होत नाही, फक्त मध्ये एकदा कळवणे बरे. या काळात कादंबरी इतरांकडे पाठवावी का? एजंटने ठरावीक मुदतीपुरते फक्त आपल्यालाच दाखवा असे सांगितले नसेल, तर लेखक मोकळा असतो. पण जुना खर्डा आणखी दहा ठिकाणी पाठवणे अविचाराचे, कारण एजंट सहसा एकदाच वाचतात. ज्यांच्याकडे पूर्ण हस्तलिखित आधीच पडून आहे, त्यांना मोठे पुनर्लेखन चालू असल्याचे कळवून नवी प्रत हवी का, असे विचारता येते.

पुन्हा पाठवतानाचे पत्र लहान असावे. जुन्याच ईमेलच्या ओळीत उत्तर म्हणून ते पाठवले, की एजंटला संदर्भ शोधावा लागत नाही. मधल्या काळात त्याने शेकडो पत्रे वाचलेली असतात. कादंबरीचे नाव, आधीचे वाचन कधी झाले होते, आणि काय बदलले याचे एक-दोन परिच्छेद पुरतात. ‘निवेदन आता एकट्या धाकट्या भावाचे आहे, मधला मुंबईचा भाग गेला, शेवट तीन प्रकरणे आधी येतो, शब्दसंख्या १,२८,००० वरून ९६,०००’ अशा धर्तीचा तपशील आत्मविश्वासाच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त काम करतो. जी सूचना मुद्दाम घेतली नाही, तिच्याबद्दल एक वाक्य पुरे, युक्तिवाद नको. बदल रंगवून दाखवलेली प्रत पाठवू नये, स्वच्छ प्रत पाठवावी: बारा पॉइंटचा साधा टंक, दोन ओळींत दुप्पट अंतर, पृष्ठक्रमांक. एजंटला पुस्तक वाचायचे असते, दुरुस्त्या तपासायच्या नसतात.

आमंत्रण नसताना तीच कादंबरी त्याच एजंटकडे पुन्हा पाठवणे हा वेगळा प्रकार आहे. बहुतेक एजन्सींना तो आवडत नाही, आणि काही ठिकाणी एका एजंटचा नकार म्हणजे त्या कार्यालयातल्या सगळ्यांचा नकार मानतात. नियमावलीत मनाई नसेल, मध्ये निदान सहा महिने-वर्ष गेले असेल आणि कादंबरी खरोखर नव्याने लिहिली असेल, तर आधीच्या नकाराचा उल्लेख करून विचारता येते. त्यापेक्षा नवी नावे शोधणे शहाणपणाचे. म्हणूनच एका वेळी पाच-दहा जणांकडेच पाठवावे, उत्तरांवरून सुधारावे आणि मग पुढची तुकडी काढावी, असे अनुभवी लेखक सांगतात. कॅथरिन स्टॉकेटची ‘द हेल्प’ साडेतीन वर्षांत सुमारे साठ एजंटांनी नाकारली. नकारांमधल्या काळात ती पुनर्लेखन करत राहिली, आणि त्यानंतर सुसान रेमर या एजंटने तिला होकार दिला. कादंबरी २००९ मध्ये आली आणि प्रचंड खपली. साठाव्या एजंटने जे वाचले, ते पहिल्याने वाचलेले पुस्तक नव्हते, ही गोष्ट या कथेच्या चिकाटीछाप आवृत्त्यांत हमखास गळते.

वाचनासाठी शुल्क मागणारा, किंवा दुरुस्तीसाठी ठरावीक सशुल्क संपादकाकडेच जा असे सांगून त्यावर करार टांगणारा माणूस एजंट नव्हे. अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेत वाचनशुल्काला मनाई आहे. भारतात इंग्रजीपुरता हा व्यवसाय तीनेक दशकांचा आहे. बेंगळुरूची जॅकरँडा १९९७ची, जयपूरची सियाही त्यानंतरची. पण इथले अनेक इंग्रजी प्रकाशक अजून थेट हस्तलिखित घेतात, आणि मराठीत तर लेखक आणि प्रकाशक यांच्यात कोणी नसतेच. इंग्रजीत लिहिणाऱ्या किंवा आपल्या कादंबरीचा अनुवाद परदेशी नेऊ पाहणाऱ्या मराठी लेखकाची गाठ मात्र या सगळ्याशी पडते.

दुसऱ्या वाचनानंतरही नकार येऊ शकतो, आणि तो बराच वेळा येतो. तेव्हा हाती सुधारलेली कादंबरी उरते आणि ती कोणालाही पाठवण्याचा हक्क लेखकाचाच असतो. नव्या एजंटला जुनी हकिगत सांगण्याची गरज नसते. होकार आला, तरी लेखणी खाली ठेवता येत नाही. करारानंतर एजंट आणखी एक फेरी करून घेतो, मग प्रकाशकाच्या संपादकाची सुरू होते.

हार्पर लीच्या बाबतीत ही शेवटचीच फेरी सर्वांत लांब ठरली. न्यूयॉर्कमध्ये विमान कंपनीत नोकरी करणाऱ्या लीला १९५६च्या नाताळात मित्र दांपत्याने वर्षभराच्या पगाराइतके पैसे भेट दिले. १९५७च्या आरंभी तिने ‘गो सेट अ वॉचमन’ची पाने मॉरिस क्रेन या एजंटकडे हप्त्याहप्त्याने नेऊन दिली. त्याच्या हाताखालून गेलेले हस्तलिखित लिपिंकॉट या प्रकाशनसंस्थेने त्याच वर्षी घेतले, पण टे होहॉफ या संपादिकेला त्यात सलग कादंबरी दिसेना. दोन वर्षांहून अधिक काळ पुनर्लेखन चालले. सव्वीस वर्षांच्या तरुणीची तृतीयपुरुषी गोष्ट बाजूला पडली आणि तिच्या लहानपणाच्या आठवणी प्रथमपुरुषात आल्या. फिट्झजेराल्डला ‘मी’ सोडावा लागला होता, लीला तो धरावा लागला. ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ ११ जुलै १९६० रोजी प्रसिद्ध झाली, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. मूळ बाड नष्ट झाले नव्हते. १४ जुलै २०१५ रोजी तेही पुस्तकरूपाने आले, आणि एजंटला आधी काय मिळाले होते आणि शेवटी त्याचे काय झाले, हे दोन्ही खंड शेजारी ठेवून कोणालाही ताडून पाहता येते.